टेबल माउंटनच्या वाटा : डोंगर पाहावा जमिनीसारखा

पुढे समुद्र, पाठीशी भिंतीसारखा उभा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत शहर. दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊनची ठेवण ही अशी आहे. डोंगराचा माथा आपल्या कोकणातल्या सड्यासारखा सपाट, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन किलोमीटर. म्हणून दर्यावर्दी युरोपियनांनी त्याला टेबलाचे नाव दिले, टेबल माउंटन. तेथे मूळची गुरे राखणारी खोईखोई जमात त्याला ‘हूरिक्वागो’, म्हणजे समुद्रातला डोंगर म्हणे.

हे ठिकाण आपल्याला अगदीच परके नाही. रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांची वस्ती केप टाऊनमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. अलीकडे तर खेड्यापाड्यांतील मुले-मुलीही नोकरीनिमित्त देशोदेशी जातात आणि आईवडिलांना चार दिवस बोलावतात. मग कोणी म्हणते, “चला, डोंगर चढून येऊ.” अशा वेळी कोणती वाट धरावी, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

या डोंगराची उंची १,०८६ मीटर. आपली कळसूबाई १,६४६ मीटर. आकडा ऐकून आपला माणूस म्हणेल, त्यात काय एवढे! फसगत होते ती येथेच. डोंगर शहराला इतका लागून आहे की लोक बागेत फिरायला निघावे तसे निघतात, पायांत साध्या चपला आणि हातात पाण्याची एक बाटली. दर वर्षी येथे माणसे अडकतात, जखमी होतात, काही दगावतातही.

जमीन घ्यायची झाली तर आपण नुसते एकर पाहत नाही. उतार कोणीकडे, ऊन-वारा कसा, पाणी कोठे, माती टिकणारी की वाहून जाणारी, हे विचारतो. डोंगराची वाट निवडतानाही हेच विचारावे. आणि एक प्रश्न जास्तीचा : आपल्याबरोबर चालणार कोण? गाडीला जुंपलेल्या जोडीत धिम्या बैलाची जी चाल, तीच गाडीची चाल. वाट निवडायची ती त्याच्या पायांनी.

ऊन उलटे, पाऊसही उलटा

केप टाऊन दक्षिण गोलार्धात आहे. तेथे भर दुपारी सूर्य उत्तरेच्या अंगाला असतो, म्हणून डोंगराची उत्तर बाजू तापते. शहराकडची, छायाचित्रांत दिसणारी उभी भिंत हीच ती उत्तर बाजू. पश्चिम बाजू अटलांटिक महासागराकडे आहे. तेथे सकाळी डोंगराचीच सावली पडते आणि दुपारनंतर ऊन मावळेपर्यंत भाजते. पूर्व बाजूला पाऊस जास्त, म्हणून तेथल्या घळींत गर्द झाडी आहे.

ऋतूही आपल्याहून वेगळे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथला उन्हाळा आणि पाऊस पडतो तो मे ते ऑगस्टच्या थंडीत. आपल्या रब्बीच्या हंगामात जाणाऱ्याला तेथे कडक उन्हाळा भेटतो, हे ध्यानात ठेवावे.

पाच वाटा, पाच तऱ्हा

पहिली वाट प्लाटेक्लिप घळीची. समोरच्या भिंतीला मधोमध चीर पडावी तशी ही घळ आहे. सह्याद्रीत जिला आपण नाळ म्हणतो, तशीच. पोर्तुगीज दर्यावर्दी आंतोनियु द साल्दान्या १५०३ साली या डोंगरावर चढला, तो याच घळीने चढला असे मानतात. वाट सरळ आणि चुकण्यासारखी नाही, पण सारी चढण दगडी पायऱ्यांची. सुमारे सातशे मीटर चढायचे आणि बाजू उत्तरेची, सावली नावापुरती. गुडघे धड असणाऱ्याने उजाडताच निघावे. दोन ते तीन तास लागतात. उन्हाळ्यात दहानंतर येथे पाऊल टाकू नये.

दुसरी वाट पूर्वेच्या कर्स्टनबॉश बागेतून स्केलेटन घळीने वर जाणारी. ही बाग १९१३ साली तेथल्याच मूळ वनस्पतींसाठी स्थापन झाली. बागेत रानबदामाच्या जुन्या कुंपणाचा तुकडा आजही उभा आहे. १६६० साली डच वसाहतीचा प्रमुख यान व्हान रीबेक याने ते लावले, ते खोईखोईंची गुरे त्यांच्याच जुन्या चराऊ रानात येऊ नयेत म्हणून. कुंपणाची गोष्ट शेतकऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको.

बागेपासून वर झाडीची सावली, ओढ्याची सोबत आणि अवघड जागी लाकडी शिड्या. जनरल स्मट्स हे दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान उतारवयातही या वाटेने चढत, म्हणून वाटेला त्यांचे नाव आहे. गांधीजींनी तुरुंगात स्वतःच्या हाताने केलेल्या चपला १९१४ साली ज्यांना भेट दिल्या, तेच हे स्मट्स. ही वाट देखणी खरी, पण पावसानंतर दगड शेवाळाने निसरडे होतात. चढताना पाय धरतो, उतरताना सुटतो. म्हणून जाणते लोक स्केलेटनने चढतात आणि शेजारच्या नर्सरी घळीने उतरतात.

तिसरी वाट पाइप ट्रॅक, म्हणजे नळाची वाट. डोंगरावरचे पाणी नळाने शहरात आणण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती पश्चिम उतारावर काढली. नळ टाकायचा तर चढउतार कमी हवेत, म्हणून वाट बरीचशी सपाट आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कडे. एका दिशेने सुमारे सहा किलोमीटर जाता येते आणि कोठूनही मागे फिरता येते. आजी-आजोबा आणि नातवंडे बरोबर असतील तर ही वाट धरावी, आणि सकाळी धरावी, कारण तेव्हा सावली असते.

चौथी वाट लायन्स हेड या ६६९ मीटर उंचीच्या सुळक्याची. गोल फिरत चढत गेल्याने शहर, बंदर, महासागर आणि मोठा डोंगर असे चारही अंगांचे दर्शन होते. पण वरच्या भागात खडकाला साखळ्या आणि शिड्या आहेत. साखळ्या टाळणारी आडवाट आहे, तीच घ्यावी. भोवळ येणाऱ्याने वरच्या टप्प्याचा हट्ट धरू नये. अर्ध्यावरूनही समुद्र तेवढाच दिसतो.

पाचवी वाट कॉन्स्टॅन्शिया नेक या खिंडीतून वरच्या जलाशयांकडे जाते. लांब, पण चढ बेताचा, बराच भाग गाडीरस्त्यासारखा. दमाने चालणाऱ्याला डोंगराच्या माथ्याकडे नेणारी ही सर्वांत सोयीची वाट. दोन-अडीच तासांत माणूस जलाशयांपाशी पोहोचतो.

डोंगरावरचे पाणी

माथ्याच्या मागल्या पठारावर दगडी बांधणीची जुनी धरणे आहेत. वुडहेड धरण १८९७ साली, तर हेली-हचिन्सन १९०४ साली पूर्ण झाले. बांधकामावर राबलेले छोटे वाफेचे इंजिन तेथल्या संग्रहालयात ठेवले आहे. येथले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे दिसते. ती घाण नव्हे. ‘फिनबॉस’ नावाच्या तेथल्या झुडपी रानाच्या पालापाचोळ्याचा तो रंग आहे.

शहराचा मुख्य पाणीपुरवठा आता दूरच्या मोठ्या धरणांवर चालतो. २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत पाऊस हटला आणि नळ बंद करण्याची वेळ येऊन ठेपली. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली गेली. त्या सुमारास परक्या झाडांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. बाहेरून आणून लावलेले पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळी मूळच्या झुडपांपेक्षा पुष्कळ जास्त पाणी ओढतात, ओढ्यांत कमी उतरते. ती झाडे काढण्याचा सरकारी कार्यक्रम १९९५ पासूनच सुरू आहे. वाटेत एखादा उतार मुद्दाम साफ केलेला दिसला तर ती वृक्षतोड समजू नये, ते पाणी राखण्याचे काम आहे.

ढगाचा पडदा

उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा येतो. समुद्रावरची दमट हवा डोंगरावर चढते, थंड होते आणि माथ्यावर पांढरा ढग पसरतो. शहराच्या बाजूला तो कड्यावरून खाली ओघळतो आणि खालच्या उष्ण हवेत विरून जातो. खालून पाहताना टेबलावर पांढरे कापड अंथरावे तसे दिसते आणि लोक कौतुकाने पाहतात. पण वर असलेल्या माणसाला दहा पावलांवरचे दिसत नाही. हवा थंड होते, वाट हरवते, कड्याची कड कळत नाही.

रायगडावर आहे तसा रोपवे येथेही आहे, १९२९ पासून. चढून जावे आणि रोपवेने उतरावे, असा बेत पुष्कळ जण करतात. मात्र वारा वाढला की रोपवे बंद होतो आणि थकलेल्या पायांनी उतरावे लागते. म्हणून उतरण्याइतके बळ, पाणी आणि उजेड शिल्लक राहील तेवढेच चढावे.

वाट मोडली की माती जाते

आपल्या समपातळी बांधाची आठवण करून देणारी एक वाट पूर्व उतारावर आहे. तिचे नावच समपातळी वाट. ती डोंगराच्या अंगाने एकाच उंचीवरून जाते. चढाच्या वाटाही नागमोडी काढल्या आहेत आणि जागोजागी दगड आडवे रचून पाणी बाजूला काढले आहे. बांधाला सांडवा देतो, तसेच हे. एखादा उतावळा माणूस वळण टाळून सरळ खाली उतरतो. त्याच्या मागून दुसरा, मग शंभर. झुडपे तुडवली जातात, पुढच्या पावसाचे पाणी त्याच रेघेने धावते, ओघळ पडतो आणि तो दरसाल खोल होतो. ज्याने आपल्या बांधाची फूट वेळेत बुजवली नाही, त्याला हे पटेल.

अशीच हानी बकऱ्यांनी केली होती. १९३६ साली तेथल्या प्राणिसंग्रहालयातून हिमालयी थार या रानबकऱ्यांची एक जोडी निसटली. पुढे डोंगरावर त्यांचे कळप झाले, झुडपे खाल्ली गेली, उतारांची धूप झाली आणि अखेर ते कळप हटवावे लागले.

उन्हाळ्यात वणव्याचे भय मोठे. १८ एप्रिल २०२१ रोजी लागलेला वणवा उतारावरच्या विद्यापीठापर्यंत पोहोचला आणि ग्रंथालयातील जुने ग्रंथ जळाले. म्हणून वाटेवर चूल नको, बिडी-सिगारेटही नको.

निघण्यापूर्वी

१. वाऱ्याचा आणि ढगाचा अंदाज सकाळी पाहावा. अंदाज वाईट असेल तर बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा.
२. एकट्याने जाऊ नये. चौघे-पाच जण असावेत. या वाटांवर लूटमारीचे प्रकार घडले आहेत, म्हणून दागिने आणि जास्तीचे पैसे घरी ठेवावेत.
३. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि कडक ऊन असले तरी एक गरम कपडा बरोबर असावा.
४. चपला नकोत. दातेरी तळाचे, पायाला बसलेले बूट हवेत.
५. कोणत्या वाटेने जातो आणि किती वाजता परततो, हे घरी सांगून निघावे.
६. परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी. माथा आला नसला तरी त्या वेळी फिरावे.

हीच कसोटी आपल्या गडकिल्ल्यांना लावता येईल. पावसाळ्यात पाहुणे येतात आणि “धबधब्याच्या वाटेने जाऊ” म्हणतात. कोणत्या नाळेत पाणी अचानक चढते, कोणता खडक शेवाळतो, कोणत्या वाटेला सावली आहे, हे गावातल्या गुराख्याला ठाऊक असते. पाहुण्यांनी विचारले नाही तरी आपण सांगावे. लहान मूल किंवा वयस्क माणूस बरोबर असेल तर सोपी वाट दाखवावी, आणि पाऊस जोरात असेल तर “आज नको” म्हणावे. पाहुणा थोडा हिरमुसेल, पण धडधाकट घरी जाईल.