हमालाने शिकविलेले इंग्रजी

मराठी शाळा संपवून १९६४ साली चौसाळ्याहून औरंगाबादेस शास्त्र शिकावयास गेलो. निजामी अमदानीत उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतून शिकवीत. आमच्या वाट्यास इंग्रजी आली. कोशात ‘वर्क’ म्हणजे काम. तरी उदाहरणे चुकत! दिवाळीत गावी आलो, तो परत न जाण्याच्या निश्चयाने. वडिलांना सांगावयाचा मात्र धीर होईना.

बाजारात एक हमाल पाठीवर पोते घेऊन घामाघूम उभा होता. एकदम उमगले! बल आहे, पण पोते हललेच नाही. शास्त्राच्या लेखी ‘वर्क’ शून्य!

परतलो, आणि वहीत प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे कोशातल्या अर्थाऐवजी व्याख्या, सूत्र, एकक अन् गावाकडचे एक उदाहरण लिहू लागलो. वाचकहो, आपल्या मुलांनाही अशी एक वही घालून द्या.