सहा तारांची ओळख – भाग ७ : ठिपक्यांमागचे सूर

गेल्या आठवड्यात सहाही तारा सुरात लावून झाल्या. आज फोनवरची कॉर्ड लायब्ररी उघडू या. ‘सी’ निवडा, पुढे ‘मेजर’ निवडा. उभ्या सहा रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा आणि तीन ठिपके दिसतील. उभ्या रेघा म्हणजे तारा. सगळ्यात डावीकडची ती जाड, सहावी. आडव्या रेघा फ्रेटच्या. ठिपक्यातला आकडा बोटाचा : १ तर्जनी, २ मध्यमा, ३ अनामिका, ४ करंगळी. वर फुली असलेली तार वाजवायची नाही, शून्य असलेली मोकळी वाजवायची.

एवढं कळलं की बहुतेक जण ठिपके पाठ करायला बसतात. ही सवय फोनच्याही फार आधीची आहे. १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या जिरोलामो मोंतेसार्दो यांच्या पुस्तकात बोटांच्या प्रत्येक मांडणीला एकेक अक्षर दिलेलं होतं. त्या पद्धतीत ‘ए’ या अक्षराची मांडणी धरली की वाजायची आजची जी मेजर! स्वर माहीत नसले तरी साथ करता यावी, ही त्यातली सोय. पण शिकणाऱ्यानं सोयीपाशी थांबू नये असं मला मनापासून वाटतं. आकृतीखाली बारीक अक्षरात स्वर दिलेले असतात, ते आधी वाचा. सी, ई, जी. सी हा षड्ज धरला तर सा ग प. गंधार कोमल केला की झाली सी मायनर.

माझ्याकडे येणारी एक मुलगी लहानपणापासून पेटी वाजवते. सी वरून ए मायनरला जाताना ती दर वेळी तिन्ही बोटं उचलायची, पुन्हा मांडायची आणि तेवढ्यात ठेका सुटायचा. तिला म्हटलं, “दोन्ही कॉर्डचे स्वर पेटीवर म्हणतेस तसे म्हण बघू.” ती म्हणाली, सा ग प. मग सा ग ध. आणि थबकली. पंचमाच्या जागी धैवत आला होता, बाकी सगळं तेच. मग आम्ही बोटं पाहिली. तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर, मध्यमा चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर; दोन्ही जागच्या जागी. हलते ती फक्त अनामिका. पाचव्या तारेवरून उठून ती तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर जाते. ती तार मोकळी असताना पंचम देत होती, आता धैवत देते.

पुढची एफ. लायब्ररी बहुधा तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायला सांगते आणि कितीतरी जणांची गिटार इथंच कोपऱ्यात जाते. तूर्त तिच्याऐवजी ‘एफ मेजर सेव्हन’ शोधा : म ध सा ग. अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मध्यमा तिसरीच्या दुसऱ्यावर, पहिली तार मोकळी, पाचवी-सहावी वाजवायच्या नाहीत. तर्जनी? होती तिथंच. तिच्याखाली षड्ज आहे आणि तिन्ही कॉर्डमध्ये षड्ज आहेच. जी मेजर आली की मात्र स्वर होतात प नि रे. षड्ज गेला, तर्जनी उठली. हे एकदा उमगलं की बोटांना कुठं जायचं ते सांगावं लागत नाही.

शोधताना नाव नीट पाहा. ‘सी सेव्हन’मध्ये निषाद कोमल, ‘सी मेजर सेव्हन’मध्ये शुद्ध. गाण्यात एकीच्या जागी दुसरी वाजली तर कानाला लगेच खटकतं. काही लायब्रऱ्यांत उलटाही शोध घेता येतो : तारांवर बोटं दाखवा, नाव मिळतं. तिथं सा ग प ध हे चार स्वर दाखवून पाहा. एकाच मांडणीला ‘सी सिक्स्थ’ आणि ‘ए मायनर सेव्हन’ अशी दोन नावं मिळतील. दोन्ही बरोबर, खर्जात सा आहे की ध, त्यावर कोणतं म्हणायचं ते ठरतं.

गाणाऱ्याची पट्टी काळी चार असेल तर ‘जी शार्प’ शोधा. सापडली नाही तर ‘ए फ्लॅट’ पाहा, स्वर तोच. तिथल्या मांडण्या नवख्याला जड जातात. त्यापेक्षा पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि जी, ई मायनर, सी, डी या मोकळ्या मांडण्या वाजवा.

पुढच्या आठवड्यापर्यंत या चार कॉर्डचे स्वर वहीत लिहून काढा, जी ला षड्ज धरून. कोणतं बोट कुठं जागेवर ठेवता येतं, ते आधी स्वरांवरून ओळखा आणि मगच गिटार हातात घ्या.