गिरणीतून, शिवारातून थेट अंतराळात!

अंतराळात जाणारी स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोणी लोकविलक्षण तेजस्विनी उभी राहते. तिचे घर श्रीमंत असणार, गाव मोठे असणार, असे आपण मनाशी ठरवून टाकतो आणि लेकीला सांगतो, "बाई गं, ते आपल्यासारख्यांचे काम नव्हे!" पण या स्त्रियांची चरित्रे उघडून पाहिली, तर नांदेड-लातूरच्या वाचकांना त्यांत आपलेच अंगण दिसेल.

पहिला मान व्हॅलेंटिना तेरेश्कोवाचा. नांदेडची उस्मानशाही गिरणी आता इतिहासजमा झाली. तशाच एका कापडगिरणीत, रशियातील यारोस्लाव्ल शहरी, ही मुलगी कामाला होती. वडील ट्रॅक्टर चालवीत. ते युद्धात गेले. फावल्या वेळात ती हवाई छत्री बांधून विमानातून उड्या मारायला शिकली. हा छंदच तिला फळला. त्या काळच्या रशियन यानातील प्रवाशाला परतताना यानाबाहेर पडून छत्रीनेच जमिनीवर उतरावे लागे! १६ जून १९६३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती अंतराळात गेली आणि एकटीने पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा घालून आली. वडाला फेऱ्या घालणाऱ्या आमच्या भगिनींनी हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

दुसऱ्या पेगी व्हिटसनबाई. लातूरची बाजारपेठ सोयाबीनची, आणि या बाई ज्या आयोवा राज्यातल्या, तेही मक्याचे नि सोयाबीनचेच. बाई शेतकऱ्याच्या कन्या. विमान चालवायला शिकायचे म्हणून त्यांनी कोंबड्या पाळून विकल्या आणि पैसे जमवले! पुढे जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, अनेकदा नकार पचवला, आणि अखेर १९९६ साली 'नासा'ने त्यांची निवड केली. आजवर त्यांनी अंतराळात एकूण ६९५ दिवस काढले आहेत. २०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले, तेव्हा त्या मोहिमेच्या प्रमुख याच बाई होत्या.

तिसरी आपली कल्पना चावला. तिचे कर्नाल हे हरियाणातील जिल्ह्याचे गाव, मुंबई-दिल्लीसारखे महानगर नव्हे. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षी ती चंदीगढच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून विमानविद्येची पदवी घेऊन बाहेर पडली. मुलीने त्या शाखेला जाण्याची तेव्हा चाल नव्हती. अमेरिकेत तिने १९८८ साली डॉक्टरेट मिळवली आणि १९९७ साली 'कोलंबिया' यानातून पहिली झेप घेतली. दुसऱ्या सफरीत उड्डाणाच्या वेळीच यानाच्या डाव्या पंखाला इजा झाली होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान आकाशातच फुटले आणि सातही जण गेले. धोका खरा आहे. तो लेकीपासून लपवू नये. पण तिची वाट ठरवताना एकट्या धोक्यालाच पंच नेमू नये.

मग आपल्या देशाच्या यानात स्त्री केव्हा बसणार? २०२४ साली 'गगनयान'साठी जी चार नावे जाहीर झाली, ती सारी पुरुषांची. निवड हवाई दलाच्या कसलेल्या वैमानिकांतून झाली, आणि लढाऊ विमानांचे दार स्त्रियांना उघडले ते २०१६ साली. दार उशिरा उघडले, पण उघडले आहे.

'लातूर पॅटर्न'ने खेड्यापाड्यांतल्या मुलींना डॉक्टर-इंजिनिअर केले. त्याच अभ्यासातून आणखी एक वाट वर जाते, एवढे आईवडिलांनी सांगितले तरी पुष्कळ. आकाशकंदील टांगताना एखादा शुभ्र ठिपका, न लुकलुकता, आभाळातून सरकताना दिसला, तर तो कदाचित ते अंतराळस्थानकच असेल. लेकीला हाक मारून दाखवा. तिथे माणसे राहतात, त्यांत बायकाही राहून आल्या, आणि एक शेतकऱ्याची मुलगी तर तिथली प्रमुखही होती, हे तिला तेव्हाच सांगा.