माध्यमिक स्तरावरील फ्रेंच व स्पॅनिशचे अध्यापन आणि मराठीचा आधार

प्रस्तावना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा ज्या परकीय भाषांचा उल्लेख आहे, त्यांत फ्रेंच व स्पॅनिश या दोन्ही भाषांचा समावेश आहे. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत फ्रेंच भाषेच्या अध्यापनाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील आलियांस फ्रांसेझ ही संस्था १९३८ पासून कार्यरत आहे. स्पॅनिशचा शालेय प्रवेश त्या मानाने अलीकडचा आहे. या दोन्ही भाषा शाळेत बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकविल्या जातात. नियमांचे स्पष्टीकरण इंग्रजीत, भाषांतरही इंग्रजीत. परिणामी ज्याचे इंग्रजी कच्चे, त्याला फ्रेंच जमणार नाही असा समज दृढ होतो आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी या विषयापासून आपोआप दूर राहतो. हा समज भाषावैज्ञानिक दृष्टीने कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक भूमिका

रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये व्यतिरेकी विश्लेषणाची पद्धतशीर मांडणी केली. मातृभाषेशी साम्य असणारे घटक विद्यार्थ्याला सुलभ आणि भिन्न घटक कठीण वाटतात, हे तिचे मुख्य सूत्र होय. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये विद्यार्थ्याच्या चुकांकडे दोष म्हणून न पाहता त्याच्या मनात घडत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा म्हणून पाहावे, असे प्रतिपादन केले. सर्व चुका मातृभाषेमुळे होतात असे आज मानले जात नाही. तथापि अध्यापनाचे साधन म्हणून दोन भाषांची तुलना उपयुक्त ठरते.

साम्यस्थळे

१. उच्चार : फ्रेंच व स्पॅनिशमधील 'त' आणि 'द' हे मराठीप्रमाणेच दंत्य असून शब्दारंभीचे 'प', 'त', 'क' अल्पप्राण आहेत. इंग्रजीच्या वळणाने शिकलेला विद्यार्थी 'तू' या स्पॅनिश सर्वनामाचा उच्चार 'टू' असा करतो. मराठीचे स्मरण करून दिल्यास ही चूक सहज टळते.

२. संबोधन : फ्रेंचमधील 'त्यु' व 'वू', तसेच स्पॅनिशमधील 'तू' व 'उस्तेद' हा भेद इंग्रजीतून समजावताना बरेच स्पष्टीकरण द्यावे लागते. 'तू' आणि 'तुम्ही' यांतील अंतर घरातच शिकलेल्या मुलाला त्याची आवश्यकता नसते.

३. वाक्यरचना : 'मला आंबा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल मांगो' असे होते, 'मला आंबे आवडतात' हे 'मे गुस्तान लोस मांगोस' असे होते. दोन्ही भाषांत क्रियापद आवडणाऱ्या वस्तूनुसार बदलते आणि ज्याला आवडते ती व्यक्ती 'मला' या रूपात येते. इंग्रजीत मात्र व्यक्तीच कर्ता असते. म्हणून इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'यो गुस्तो' अशी चुकीची रचना करतो.

४. कर्मानुसारी रूपे : 'त्याने लेख लिहिला', 'त्याने कविता लिहिली' हा मराठीचा कर्मणी प्रयोग होय. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले असता भूतकालवाचक धातुसाधित कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. कर्म पुल्लिंगी असेल तर 'एक्री', स्त्रीलिंगी असेल तर 'एक्रित'. फ्रेंच व्याकरणातील कठीण समजला जाणारा हा नियम मराठी भाषकाला तत्त्वतः परिचित आहे.

५. संख्यावाचक शब्द : फ्रेंचमध्ये ऐंशीला 'चार-वीस' आणि नव्वदला 'चार-वीस-दहा' म्हणतात. विद्यार्थ्यांना हे विचित्र वाटते. परंतु ग्रामीण भागातील जुनी माणसे विसांच्या हिशेबाने मोजत, हे सांगितल्यास ती पद्धत परकी राहत नाही.

६. शब्दसंग्रह : पोर्तुगीजमधून मराठीत आलेले पाव, चावी, पगार, अननस हे शब्द येथे उपयोगी पडतात. पोर्तुगीज, स्पॅनिश व फ्रेंच या भगिनीभाषा असल्याने 'पाव'चे नाते स्पॅनिश 'पान' आणि फ्रेंच 'पँ' यांच्याशी, तर 'पगार'चे नाते स्पॅनिश 'पागार' म्हणजे 'पैसे देणे' या क्रियापदाशी दाखविता येते.

भेदस्थळे व मर्यादा

साम्याचा अतिरेक मात्र घातक ठरतो. मराठीत तीन लिंगे आहेत, या भाषांत नामांची दोनच. शिवाय लिंगे जुळतीलच असे नाही : 'चंद्र' मराठीत पुल्लिंगी, तर फ्रेंच 'ल्यून' व स्पॅनिश 'लूना' स्त्रीलिंगी आहेत. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते व शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात. या भाषांत क्रम उलट असतो. नामापूर्वी येणारी उपपदे मराठीत नाहीत. फ्रेंचमधील अनुच्चारित अंत्याक्षरांसाठी देवनागरीचा आधार काही काळच पुरतो. पुढे मूळ लिपीतील वाचनाचा सराव अपरिहार्य ठरतो. तसेच महानगरांतील वर्ग बहुभाषिक असतात, त्यामुळे केवळ मराठीवर विसंबून चालत नाही. तथापि 'मला आवडतो' सारखी रचना हिंदी व गुजरातीतही असल्याने तुलनेचे तत्त्व तेथेही लागू पडते.

समारोप

तुलनेचा उपयोग प्रत्येक नियमापूर्वी काही मिनिटे करावा आणि उरलेला वेळ त्या भाषेतील संभाषणास द्यावा, हे श्रेयस्कर. मराठीतून व्याख्यान देणे हा तिचा हेतू नव्हे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय सामायिक भाषिक आराखड्यातही श्रवण, वाचन, संभाषण व लेखन या क्षमतांना महत्त्व दिले आहे. केवळ गुण मिळवून देणारा विषय म्हणून फ्रेंच घेतलेला विद्यार्थी परीक्षेनंतर ती विसरतो. आपल्या भाषेच्या जाणिवेतून ती समजून घेतलेल्या विद्यार्थ्याच्या हाती दोन्ही भाषांकडे पाहण्याची दृष्टी उरते. ही दृष्टी इंग्रजी माध्यमाची मक्तेदारी नाही. मराठी शाळेतील मुलाजवळ त्यासाठी लागणारे भांडवल आधीच आहे. त्याची जाणीव शिक्षक-प्रशिक्षणातून शिक्षकाला करून देणे हे महाविद्यालयीन भाषाविभागांचे कार्य ठरते.