जीप : जुनी घ्यावी की नवी?

बोरिवलीत कोणाला ‘मी गोराईला राहते’ असे सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘गोराई एक की दोन?’ ते गोराई खाडीच्या अलीकडे, नव्या वसाहतीचे. मी म्हणते ते खाडीपलीकडचे जुने गाव. ज्या बेटावर आमचे गाव, मनोरी व उत्तन वसले आहे त्याला धारावी बेट म्हणतात. माहीमजवळच्या धारावीशी त्याचा संबंध नाही. महापालिका आम्हांला मुंबईचीच, पण मुंबईला जोडणारा पूल मात्र नाही. माणूस लाँचमधून काही मिनिटांत बोरिवलीच्या धक्क्याला लागतो. मोटारगाडीला मात्र समोर दिसणाऱ्या बोरिवलीला जाण्यासाठी उत्तन, भाईंदर, दहिसर असा भला मोठा वळसा घालावा लागतो. आमच्या गावात गाडीची निवड हा हौसेचा विषय का नाही, हे ध्यानात यावे म्हणून एवढे भूगोलाचे पुराण लावले.

गेले वर्षभर आमच्या घरात एकच वाद चालू आहे. आजोबांनी घेतलेली १९९६ सालची महिंद्र एमएम ५४० जीप आता थकली. तिच्या जागी २०१० ते २०१९ या काळातली पहिल्या पिढीची थार घ्यावी, असे काकांचे मत. वडील म्हणतात, घ्यायचीच तर २०२० नंतरची, दुसऱ्या पिढीची घ्या. दोन्ही पक्षांकडून मला इतके ऐकावे लागले, की कला शाखेची विद्यार्थिनी असूनही डिफरन्शियल म्हणजे काय हे मला आता झोपेतून उठवले तरी सांगता येईल.

प्रथम थोडी वंशावळ. जीप ही मुळात लष्करी गरज. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला आणि विलिस व फोर्ड यांनी युद्धकाळात त्या गाड्या लाखांनी बनविल्या. आपल्याकडे १९४५ साली ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी निघाली. तिच्यातले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ साली कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जोडणी सुरू झाली. पुढे कांदिवलीच्या कारखान्यात अनेक वर्षे जीप तयार होत. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याची, निवडणुकीच्या प्रचाराची आणि सिनेमातल्या फौजदाराची ती जीप, एका अर्थी, आमच्या शेजारच्या उपनगराची लेक.

हा घाट भारतात इतका टिकला याचे कारण तो सोपा होता. अमेरिकेत सीजे ३बी हे उंच बॉनेटचे मॉडेल १९६८ साली बंद झाले; आपल्याकडे ते त्यानंतरही कितीतरी वर्षे चालू राहिले. पेट्रोल महागल्यावर त्याच सांगाड्यात डिझेल इंजिन आले. आमच्या एमएम ५४० मध्ये प्यूजो परवान्याचे २११२ सीसीचे इंजिन आहे. ताकद सुमारे ६२ अश्वशक्ती. आजची साधी कौटुंबिक मोटारही याहून अधिक ताकदीची असते. पण त्या इंजिनात डिझेल फवारणारा पंप पूर्ण यांत्रिक आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाही. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून माणसे वाहणाऱ्या जीपगाड्या वर्षानुवर्षे धावल्या, त्यामुळे असली इंजिने उघडून बसविणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले. काकांचा सगळा भर यावर आहे. ते वडिलांना म्हणतात, ‘दादा, जे यंत्र आपल्याला कळत नाही ते दारात बांधू नये.’

पहिल्या पिढीची थार ही या जुन्या घराण्याची शेवटची लेक. २०१० साली ती आली तेव्हा तिचे रूप जुन्या जीपचे होते, पण वरच्या प्रकारात २४९८ सीसीचे कॉमन रेल इंजिन होते. कॉमन रेल म्हणजे डिझेल एका सामाईक नळीत प्रचंड दाबाखाली साठवून संगणकाच्या हुकमाने फवारणे. ताकद १०५ अश्वशक्ती झाली. पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलू लागली. मागे मात्र पाट्यांच्या स्प्रिंगाच राहिल्या. २०१५ च्या सुधारणेत मागच्या डिफरन्शियलला आपोआप लॉक होण्याची सोय आली. तेव्हा ‘जुन्या थारमध्ये संगणक नाही’ हा काकांचा दावा अर्धाच खरा आहे. साधे डीआय इंजिन असलेला स्वस्त प्रकार घेतला तरच तो पुरता लागू पडतो.

आता डिफरन्शियल. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर काटावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची पेटी अक्षाच्या मध्ये बसविलेली असते. हीच सोय चिखलात घात करते. एक चाक चिखलात घसरून रिकामे गरगरू लागले, की कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक ढिम्म उभे राहते. जोर नेहमी कमी विरोधाच्या बाजूला पळतो. (आमच्या वर्गातही सामुदायिक प्रकल्पाच्या वेळी हाच नियम दिसतो.) लॉक लागला की दोन्ही चाके एकत्र फिरतात व गाडी निघते. फोर व्हीलचा लो गिअर ही आणखी वेगळी गोष्ट. त्याने वेग कमी होऊन चाकाशी मिळणारा पीळ वाढतो, म्हणून भरलेली गाडी चढावर गोगलगायीच्या गतीने पण न दमता चढते. या दोन्ही गोष्टी नव्या-जुन्या दोन्ही पिढ्यांत मिळू शकतात. मात्र घेताना नेमका प्रकार तपासावा लागतो. जानेवारी २०२३ पासून केवळ मागच्या चाकांना जोर असलेली थारही विक्रीला आली. बाहेरून ती तशीच दिसते. वापरलेली गाडी घेणाऱ्याने आत डोकावून दुसरी लहान गिअरची दांडी आहे की नाही ते आधी पाहावे.

दुसरी पिढी २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीला आली. डिझेल इंजिन २१८४ सीसी, १३० अश्वशक्ती. पेट्रोल २ लिटर, १५० अश्वशक्ती. जमिनीपासूनची उंची २०० वरून २२६ मिलिमीटर झाली. कंपनीच्या सांगण्यानुसार ती ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोड्या अधिक पाण्यातून जाऊ शकते. मागचे पाटे जाऊन कॉइल स्प्रिंगा आल्या, ताडपत्रीऐवजी पक्के छत मिळू लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला मोठ्यांच्या व मुलांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार-चार तारे मिळाले. जुन्या थारला एअरबॅग नव्हती. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली व एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चा नियम आला. जुन्या घाटाची गाडी या दोन उंबरठ्यांपलीकडे नेणे कठीणच होते.

या आकड्यांपुढे काकांची बाजू हरलेली दिसेल. पण आकड्यांत न मावणारी एक रात्र आमच्या घराने पाहिली आहे. गेल्या पावसाळ्यात आजीला रात्री दम लागला. लाँच बंद होती. काकांनी जीप काढली. रस्त्यावर दोन ठिकाणी पाणी होते. जीपने ते सहज काटले. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागेनात, कारण चारही चाकांचे ड्रम ओले झाले होते. काकांनी चालत्या गाडीत ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकविले, हे त्यांचे कसब. पण मागे काय चालले होते ते मला ठाऊक आहे, कारण मी मागे होते. आजीला आडव्या बाकावर अर्धवट निजवले होते. पट्टा नाही. प्रत्येक खड्ड्याला पाटे उसळत आणि काकू व मी तिला दोन्ही बाजूंनी धरून बसलो होतो. ताडपत्रीच्या फटीतून पाऊस तिच्या पायांवर येत होता. भाईंदरच्या इस्पितळात पोहोचलो, आजी बरी झाली. काका म्हणतात, जीपने वाचवले. काकू म्हणते, ‘वाचवलं खरं, पण एखाद्या वळणावर ती बाकावरून पडली असती तर?’ माझ्या मते दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच निवड कठीण आहे.

कारण नवी थार आली तरी आजीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. जुनीत मागे समोरासमोरच्या बाकांवर माणसे दाटीवाटीने बसत आणि मधल्या जागेत भाजीच्या टोपल्या राहत. नवीत मागे दोनच जागा, तोंड पुढे, पट्ट्यासह. म्हणजे एकूण चौघे. तेथे पोहोचण्यासाठी पुढचे आसन दुमडून वर चढावे लागते. ज्यांचे गुडघे गेले आहेत त्यांना ते कसे जमावे? आजीला पुढेच बसवावे लागणार. पाच दारांची थार रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली, तिच्यात ही अडचण बरीच दूर झाली. पण तिचा फोर व्हील प्रकार फक्त डिझेलमध्ये आहे आणि किंमत आमच्या वाडीच्या उत्पन्नाला न झेपणारी.

डिझेलची आणखी एक गोम आहे, तिच्याबद्दल विकणारे फारसे बोलत नाहीत. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जास्त उष्णता निर्माण करून काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगाने धावावी लागते. घर ते बाजार, बाजार ते धक्का अशा तुकड्यांत चालणारी गाडी पुरेशी तापतच नाही. मग दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केले तर खर्च मोठा येतो. आमच्यासारख्या गावात रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी नवे पेट्रोल इंजिन त्यामुळे अधिक सोयीचे, इंधन जास्त पीत असले तरी.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. जुने यांत्रिक इंजिन पाण्याला भीत नाही असे म्हणतात. विजेच्या तारा कमी म्हणून ते लवकर बंद पडत नाही, एवढे खरे. पण हवा ओढण्याच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर जुने काय नि नवे काय, पाणी दाबले जात नसल्याने आतला दांडा वाकतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तशा पुरात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवायची नसते. ढकलून बाहेर काढायची असते.

आणि वाळू? शहरातले मित्र विचारतात, ‘तुमच्याकडे तर किनारा आहे, मजा असेल!’ किनाऱ्यावर गाड्या घालू नयेत असे मनाईचे आदेश ठिकठिकाणी निघत असतात आणि ते योग्यच आहेत. तिवरांत गाडी घालणे हा तर गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ सालीच तिवरांना संरक्षण दिले आहे. शिवाय खाऱ्या पाण्यात चाके बुडविणारा माणूस आपल्याच गाडीचा वैरी असतो.

कारण आमच्याकडे गाड्यांचा खरा काळ म्हणजे मीठ. समुद्राची हवा, खाडीची हवा, दोन्हीकडून क्षार येतात. चासीच्या पोकळ लोखंडात चिखल साचतो, त्यात मीठ मुरते आणि लोखंड आतून बाहेर खात येते. बाहेरून नवा रंग मारलेली गाडी आतून पापुद्र्यांची झालेली असू शकते. इंजिन बदलता येते, पाटे बदलता येतात. चासी गेली की गाडी गेली, कारण तिचा क्रमांकच नोंदणीपुस्तकात असतो. आमच्या जीपचे तेच झाले : इंजिन आजही पहिल्या सेल्फला सुरू होते, पण मागच्या पाट्याजवळ चासी हाताने सोलता येते. म्हणून माझे मत असे की आमच्या गावासाठी गाडीची पिढी हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न ती आजवर कोठे राहिली हा. नाशिक-पुण्याकडे कोरड्या हवेत वाढलेली २०१६ ची थार आमच्या किनाऱ्यावर चार वर्षे उभी असलेल्या २०२१ च्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. मात्र दोघींची चासी सारखीच निरोगी असेल, तर मी नवीच घेईन. काकांचे कसब ओल्या ब्रेकला पुरले. टक्कर झाली असती तर एअरबॅगचे काम त्याने झाले नसते.

कागदपत्रांचे थोडक्यात. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, तो नियम महाराष्ट्राचा नव्हे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. नंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, वर पर्यावरण कर भरावा लागतो, आणि एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी बरीच वाढली आहे. लिलावातल्या लष्करी जीपचा मोह पुष्कळांना होतो. तेथे चासीवरचा ठोकलेला क्रमांक व पुस्तकातला क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा. रुंद टायर, उंच केलेली बॉडी असल्या हौसेच्या बदलांबाबतही जपावे : मूळ बनावटीशी विसंगत बदल केलेल्या गाडीची नोंदणी होऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१९ चा आहे.

सध्या भाईंदरला एक २०२१ ची पेट्रोल, पक्क्या छताची थार पाहून ठेवली आहे. मालक ठाण्याचा, गाडी इमारतीखाली आच्छादित जागेत उभी राहिलेली. येत्या रविवारी काका बॅटरी, लहान हातोडी आणि जुनी गोणपाटाची चटई घेऊन तिच्याखाली शिरणार आहेत. आजीलाही सोबत नेणार आहोत. पुढच्या आसनावर तिला चढता येते का, ते तेथेच पाहायचे आहे.