ओलेपणा

ओलेपणा : द्रवाच्या, विशेषतः पाण्याच्या, संपर्कामुळे घन पदार्थाला प्राप्त होणारी अवस्था. पाणी वस्तूला ओले करते, हे सर्वमान्य आहे. परंतु पाणी स्वतः ओले असते काय, याबाबत मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते जे दुसऱ्याला ओले करते ते स्वतः ओले असलेच पाहिजे. उष्णता देणारा अग्नी स्वतः उष्ण असतो, तसेच हे आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ओलेपणा हा द्रव व घन यांच्यातील संबंध असून एकट्या पाण्याच्या ठिकाणी तो संभवत नाही. हा वाद पुष्कळसा शब्दाच्या अर्थाचा आहे. तथापि ओलेपणा पाण्याच्या प्रत्येक कणात असतो की पाण्याच्या सीमेवर उद्‌भवतो, हा त्याचा गाभा भौतिकीच्या कक्षेत येतो व त्याचा निर्णय प्रयोगाने करता येतो.

मराठी वापर : मराठीत पाण्यालाच ‘ओले’ म्हणण्याचा प्रघात नाही. कपडा, जमीन, भिंत, केस ओले असतात. पाणी थंड, कोमट, गढूळ वा निवळ असते. हवेसाठी ‘दमट’ हा वेगळा शब्द आहे, आणि पाणी आत मुरल्यावर वस्तू नुसती ओली न राहता ‘भिजते’. मात्र ओला नारळ, ओले काजू, ओली हळद, ओली मासळी या शब्दप्रयोगांत बाहेरून लागलेल्या पाण्याचा संबंध नाही. वस्तूतले मूळचे पाणी अजून गेलेले नाही, एवढाच त्यांचा अर्थ. घरातील कचरा वेगळा करताना केळीची साल हाताला कोरडी लागली तरी ती ‘ओल्या कचऱ्यात’ जाते, ती याच अर्थाने. म्हणजे पृष्ठभागावर लागलेले पाणी आणि अंगचे पाणी असे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि प्रस्तुत वादातील बराचसा गोंधळ यातूनच निर्माण होतो. शासनव्यवहारातही असा शब्द अडचणीचा ठरू शकतो. २०२५ च्या सप्टेंबरमधील अतिवृष्टीनंतर ‘ओला दुष्काळ’ जाहीर करण्याची मागणी झाली, तेव्हा नियमपुस्तिकेत अशी संज्ञाच नसल्याचे राज्य शासनाने सांगितले. दुष्काळात मिळणाऱ्या सवलती मात्र लागू केल्या.

न्याय-वैशेषिक मत : भारतीय दर्शनांत या प्रश्नाची सर्वांत काटेकोर चर्चा न्याय-वैशेषिकांनी केली. त्यांचा सुबोध सारांश अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रह या सतराव्या शतकातील पाठ्यग्रंथात मिळतो. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादिलेली व महादेव राजाराम बोडस यांची प्रस्तावना असलेली या ग्रंथाची आवृत्ती मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. या मतानुसार शीत स्पर्श हे जलाचे लक्षण आहे. द्रवत्व व स्नेह हे मात्र दोन निराळे गुण मानले आहेत. द्रवत्व पृथ्वी, जल व तेज या तिन्ही द्रव्यांत असते : जलात ते स्वाभाविक, तर तूप, सोने इत्यादींत अग्निसंयोगाने आलेले. स्नेह केवळ जलात असतो आणि चूर्णाचा गोळा होण्यास तो कारण असतो. नुसत्या द्रवत्वाने हे कार्य होत नाही. वितळलेले सोने वा काच द्रव असूनही त्यांनी चूर्ण बांधले जात नाही, असा युक्तिवाद टीकाकारांनी केला आहे.

यावर तेलाचा आक्षेप सहज सुचतो. तेल चिकट व स्निग्ध असते. मग स्नेह जलातच असतो हे कसे? तेलातील स्नेह त्यातील जलांशाचा होय, असे उत्तर देण्यात आले. तसे असेल तर तेलाने आग विझली पाहिजे, हा पुढचा आक्षेप. विश्वनाथ पंचाननांनी त्याचे समाधान असे केले, की तेलातील स्नेह उत्कट असल्यामुळे तो अग्नीला अनुकूल ठरतो, तर पाण्यातील स्नेह अल्प असल्यामुळे तो अग्नीला विझवितो. हे उत्तर आज पटण्याजोगे नाही. आक्षेप मात्र अचूक आहे. स्नेह जलाच्या परमाणूत नित्य असतो, असेही हे दर्शन मानते. तेव्हा पाणी ओले असते काय, या प्रश्नाला त्याचे उत्तर निःसंदिग्ध होकाराचे आहे : पाणीच नव्हे, तर त्याचा प्रत्येक परमाणूही स्निग्ध आहे. (‘स्नेह’ व ‘ओलावा’ या दोन्ही शब्दांना मराठीत माया, जिव्हाळा असा अर्थ आहे, हे लक्षणीय आहे.)

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी, ज्याला स्वतःची सीमा नसते पण जे दुसऱ्याच्या सीमेत सहज सामावते ते आर्द्र, अशी व्याख्या केली. या व्याख्येने हवाही आर्द्र ठरते. किंबहुना त्यांच्या मते आर्द्रता हा मुख्यत्वे हवेचा गुण असून पाण्याचा मुख्य गुण शैत्य होय. येथे ओलेपणा व प्रवाहिता यांची गल्लत झालेली दिसते. वैशेषिकांनी ती टाळली.

आधुनिक विवेचन : द्रवाचे रेणू परस्परांना आकर्षितात (संसक्ती) आणि ज्या घनावर द्रव ठेवला असेल त्याच्या रेणूंकडेही आकर्षिले जातात (आसंजन). संसक्तीमुळे द्रवाच्या पृष्ठभागावर ताण निर्माण होतो [⟶ पृष्ठताण]. २०° से. तापमानास पाण्याचा पृष्ठताण सु. ७२·८, एथिल अल्कोहॉलाचा सु. २२ आणि पाऱ्याचा सु. ४८५ मिलिन्यूटन प्रतिमीटर असतो. घनावर ठेवलेल्या थेंबाची कड घनाशी जो कोन करते त्यास स्पर्शकोन म्हणतात. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८०५ मध्ये हा कोन व तीन सीमांवरील ताण यांचा संबंध दाखविला. कोन ९०° पेक्षा कमी असेल, तर द्रव पृष्ठभागाला भिजवितो. शून्याजवळ असेल, तर पूर्ण पसरतो. स्वच्छ काचेवर पाणी पसरते. पारा काचेला भिजवीत नाही. परंतु सोन्याला भिजवितो व त्याच्याशी संयोग पावतो. पारा ओला की कोरडा, हे म्हणूनच एकट्या पाऱ्याकडे पाहून सांगता येत नाही.

पाण्याच्या बाबतीत याचे घरगुती उदाहरण अळूचे पान हे आहे. त्याच्या पृष्ठावर मेणचट द्रव्याने आच्छादिलेले सूक्ष्म उंचवटे असतात व त्यांमध्ये हवा अडकून राहते. पाण्याचा थेंब फक्त उंचवट्यांच्या माथ्यांना टेकतो, स्पर्शकोन १५०° च्या वर जातो आणि थेंब मोत्यासारखा घरंगळतो. पान कोरडेच राहते. क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणण्याचा प्रघात यावरूनच पडला. कमळाच्या पानाच्या अशाच गुणाचे सविस्तर विवेचन जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म बार्टलॉट व क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये केले. पिकांवरील फवारणीत हीच अडचण येते : मेणचट पानावरून औषध ओघळून जाते. म्हणून शेतकरी ज्याला ‘स्टिकर’ म्हणतात तो पृष्ठताण कमी करणारा पदार्थ द्रावणात मिसळतात.

या मोजमापाने पाणी पाण्याला ओले करते काय, हेही पाहता येते. पाण्याचे पाण्याशी आसंजन हे त्याच्या संसक्तीइतकेच असते. त्यामुळे स्पर्शकोन शून्य येतो व पाणी पाण्याला पूर्णपणे भिजविते, असे औपचारिक उत्तर मिळते. होकारार्थी पक्षाचा हा सर्वांत बळकट आधार होय. परंतु तो फारसा पुढे नेता येत नाही, हे कुंचल्याच्या साध्या प्रयोगावरून दिसते. कोरड्या कुंचल्याचे केस सुटे असतात. तो पाण्यात बुडविला तरी केस सुटेच राहतात. पाण्याबाहेर काढताच ते एकमेकांना चिकटतात. वाळूचेही तसेच आहे : कोरड्या वाळूचा गोळा होत नाही, पाण्याखालील वाळूचाही होत नाही, दमट वाळूचा होतो. ज्याला वैशेषिकांनी स्नेह म्हटले ते बांधणारे बल दोन कणांमधील पाण्याच्या पुलामुळे येते आणि त्या पुलाला हवेशी सीमा असावी लागते. ती सीमा नाहीशी झाली, की पाणी भरपूर असूनही बंध उरत नाही. (कणकेचा गोळा होण्यात गव्हातील प्रथिनांचाही मोठा वाटा असतो; म्हणून ते उदाहरण येथे निर्णायक नाही.) पाण्याच्या एकट्या रेणूला पृष्ठभाग नाही, पृष्ठताण नाही, त्याला ओला वा कोरडा म्हणणे निरर्थक आहे. परमाणूगत नित्य स्नेहाची कल्पना त्यामुळे टिकत नाही. द्रवत्व व बांधण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वैशेषिकांचे निरीक्षण मात्र योग्य आहे. त्यात आधुनिक रेणुसिद्धांताची पूर्वसूचना शोधणे हा अतिरेक होईल.

ओल्या वस्तूची व द्रवाची सीमारेषा किती पुसट असते, हे मिठावरून कळते. मुंबईच्या पूर्व उपनगरांत, मध्य रेल्वेवरील भांडूप व मुलुंड यांच्या दरम्यान असलेल्या नाहूरच्या परिसरात ठाणे खाडीकाठी दीर्घकाळ मीठ पिकविले गेले. सोडियम क्लोराइड सु. ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतील बाष्प शोषून विरघळू लागते. मॅग्नेशियम क्लोराइडाला सु. ३३ टक्के पुरतात. समुद्राच्या मिठात या दुसऱ्या लवणाचा अंश राहत असल्याने मुंबईच्या पावसाळ्यात पाण्याचा थेंबही न पडता मिठाला पाणी सुटते. प्रथम दाण्यावर पातळ पापुद्रा येतो व मीठ ओले होते. पुढे दाणाच नाहीसा होऊन खारे पाणी उरते. या प्रवासात ‘ओले मीठ’ संपून ‘ओले करणारे पाणी’ कोठे सुरू झाले, हे नेमके दाखविता येत नाही.

संवेदना : माणसाच्या त्वचेत ओलेपणा ओळखणारे स्वतंत्र ग्राहक नाहीत, काही कीटकांना ते असतात. आय. एम. बेंटली यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बोटाला पातळ रबराचे आवरण घालून ते पाण्यात बुडविले असता, पाणी त्वचेला न लागताही ओलेपणा जाणवला. थंडावा व दाब यांच्या मिश्रणातून ही जाणीव घडते. पावसाळ्यात दोरीवरचा कपडा वाळला आहे की नुसता गार आहे, हे हाताला कळत नाही, ते यामुळेच.

बाजारात म्हणून स्पर्शावर विसंबता येत नाही. धान्यातील ओलावा वजनाच्या टक्केवारीत मापकाने मोजतात. आधारभूत किंमतीने सोयाबीन खरेदी करताना १२ टक्के ही मर्यादा असते, तर कापसात ८ टक्क्यांपुढे दर कमी होत जातो व १२ टक्क्यांपुढे सर्वसाधारणपणे खरेदी होत नाही. १५ टक्के ओलाव्याचे १०० किग्रॅ. सोयाबीन १२ टक्क्यांपर्यंत वाळविले, तर त्याचे वजन सु. ९६·६ किग्रॅ. भरते. हाताला दोन्ही कोरडेच लागते. पण पहिले परत पाठविले, तर शेतकऱ्याला ते आधारभूत किंमतीखाली विकावे लागते. २०२४ च्या खरीप हंगामात आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. त्या वर्षी परतीच्या पावसामुळे महाराष्ट्रात हा प्रश्न तीव्र झाला आणि केंद्र शासनाने नोव्हेंबरमध्ये, त्या हंगामापुरती, १५ टक्के ओलाव्यापर्यंतच्या सोयाबीनच्या खरेदीस परवानगी दिली.