बेकरीचा जुना मिक्सर घरी आणताना

मे महिन्यात जयपूरचा पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा दिवसांत दोन किलो मैदा हाताने तिंबायचा म्हटले की घरच्या पावाचा उत्साह ओसरतो. घरात सात-आठ माणसे असतील तर ओट्यावरचा छोटा फूड प्रोसेसरही एवढ्या पिठाने तापून बंद पडतो. मग कुणीतरी सुचवते, एखाद्या बेकरीने काढून टाकलेला जुना मिक्सर का घेऊ नये? स्वस्तात मिळेल आणि वर्षानुवर्षे चालेल.

कल्पना वाईट नाही. मुळात घरगुती मिक्सर हे बेकरीच्या मिक्सरचेच धाकटे भावंड आहे. १९०८ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्याने एका बेकरीवाल्याला पळीने कणीक घोटताना पाहिले आणि त्याला यंत्राची कल्पना सुचली. आधी मोठे यंत्र तयार झाले. त्यावरून १९१९ मध्ये घरगुती मिक्सर निघाला, तोही सुमारे ३० किलो वजनाचा!

खरेदीपूर्वी पारख

सर्वप्रथम मोटर पाहावी. बेकरीतील बरीच यंत्रे ४१५ व्होल्टच्या थ्री फेज विजेवर चालतात, तर घरात सहसा २३० व्होल्टची सिंगल फेज वीज असते. मोटर बदलण्याचा खर्च किमतीत धरला, तर ‘स्वस्त’ यंत्र महागही पडू शकते. अर्थिंग आणि नवी वायर जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावी.

नंतर भांडे पाहावे. जुन्या लोखंडी भांड्याची कल्हई उडालेली असेल, तर आत गंज धरतो. असे भांडे बदलून स्टेनलेस स्टीलचे घ्यावे. हुकाच्या वरच्या बाजूने तेल किंवा ग्रीस गळत असेल, तर ते थेट कणकेत पडते. यंत्र रिकामे चालवून खाली पांढरा कागद धरला की गळती लगेच कळते. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून पोपडे सुटलेले यंत्र टाळलेलेच बरे.

पीठ किती घ्यावे?

मोठ्या भांड्यात थोडे पीठ टाकले तर हुक नुसताच फिरतो, गोळा बनतच नाही. २० लिटरच्या भांड्यात निदान एक-दीड किलो मैदा हवा. एक किलो मैद्याला ६२० मिलिलिटर पाणी, २० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम तेल आणि ८ ते १० ग्रॅम कोरडे यीस्ट घेतले, की मध्यम आकाराचे चार पाव होतात. गव्हाचे पीठ वापरले तर पाणी थोडे जास्त लागते.

घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी दोनच पाव मावतात. म्हणून उरलेला अर्धा गोळा लगेच फ्रिजमध्ये ठेवावा, नाहीतर पहिले पाव भाजून होईपर्यंत तो फुगून आंबतो.

एक मोह मात्र आवरावा. जयपूरच्या घरात यंत्र आले की बाटीची कणीकही त्यातच मळावी असे वाटणारच. पण बाटीचे पीठ फार घट्ट असते. मोटरमधून जळका वास येऊ लागला, तर समजावे की तिच्यावर भार जास्त पडतो आहे. घट्ट कणीक थोडी-थोडी आणि सर्वात कमी वेगावरच मळावी.

उन्हाळ्याची युक्ती

यंत्राच्या घर्षणाने कणीक तापते. पावाची कणीक मळून झाल्यावर सुमारे २५ अंशांवर असावी. यासाठी बेकरीवाल्यांचा हिशेब सोपा आहे. २५ ची तिप्पट ७५. त्यातून खोलीचे, पिठाचे आणि घर्षणाचे अंश वजा केले की पाण्याचे तापमान मिळते. खोली ३८ आणि पीठ ३६ अंशांवर असेल, तर घर्षण धरण्याआधीच उत्तर १ अंश येते! म्हणजे उन्हाळ्यात बर्फाचे पाणीच हवे. पीठ आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवावे आणि पहाटे मळावे. पीठ-पाणी एकत्र करून २० मिनिटे झाकून ठेवले, तर मळण्याचा वेळही वाचतो. हिवाळ्यात उलट कोमट पाणी घ्यावे.

गोळ्याचा तुकडा दोन्ही हातांनी हळूहळू ताणून पाहावा. न फाटता पातळ पडदा झाला, तर मळणे पुरे झाले.

हात सांभाळा

छोटे यंत्र अडकले तर थांबते, पण हे थांबत नाही. कडेला चिकटलेले पीठ फिरत्या भांड्यात हात घालून सोडवणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. साडीचा पदर, ओढणी, बांगड्या, मोकळे केस यांपैकी काहीही हुकात अडकले तर सावरायला क्षणही मिळत नाही. पदर खोचावा, केस बांधावेत आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. जाळीचे झाकण नसेल तर बसवून घ्यावे. बंद करण्याचे बटण उभ्या जागेवरून हाताला लागेल असे असावे. साफसफाई प्लग काढूनच करावी आणि मुलांच्या हाती तो लागणार नाही हे पाहावे.

एवढी जागा, खर्च आणि शिस्त जमत नसेल, तर परातीत पाव किलो मैदा मळलेलाच बरा. पण आठवड्यातून एकदा आठ-दहा पाव लागणारे कुटुंब असेल, तर हे जुने लोखंड आपली किंमत वसूल करून देते आणि शेजारीही एखादा गरम पाव पोहोचतो.